जंतूंची वंशावळ

"म्हणजे आजा कोण आणि नातू कोण, हे जंतू स्वतः सांगतात होय?"

दस्तगीरबाबांनी विचारलं. पन्नास वर्षं घोड्यांचं औषधपाणी केलेला माणूस. आवाजातली खोच काही लपली नाही.

"सांगतात," वृषाली म्हणाली. "वाचता आलं पाहिजे."

घोड्याची नाडी बघायला ती याच अंगणात, बाबांच्या हाताखाली शिकली होती. आता प्रयोगशाळेतली डॉक्टर झाली होती आणि तो तोरा तिला शोभतही होता.

महिन्यापूर्वी गावातल्या घोड्यांच्या जबड्याखाली गाठी आल्या, गळे दाटले, दोन शिंगरं दगावली. पालावरच्या तान्हाबाईच्या घोडीचा गळा सगळ्यात आधी सुजला होता. बाबांनी तिच्याकडे बोट दाखवलं आणि गावाने तान्हाबाईला घोडीसकट वेशीबाहेर काढलं. घोडी नाचवून पोट भरणारी बाई ती, ऐन जत्रेत माळावर जाऊन बसली. वृषाली तेव्हापासून धुमसत होती.

तिने जंतूंच्या वंशावळीचं झाड काढलेला कागद बाबांपुढे पसरला. बारा घोड्यांच्या घशातले नमुने तपासून तिने प्रत्येक जंतूची जनुकं जुळवून पाहिली होती.

"सगळे एकाच कुळातले. पण तान्हाबाईच्या घोडीतला जंतू नातू आहे. आजा देवाच्या घोड्यात बसलाय."

"देवाच्या घोड्यात? त्याला साधी शिंक नाही!"

"दोन वर्षांपूर्वी त्याला हाच आजार झाला होता. घोडा बरा झाला, जंतू घशामागच्या पिशवीत राहिला. देवळाच्या कुंडावर आधी तो पाणी पितो. मग त्याचं उष्टं, प्रसाद म्हणून, गावचे घोडे पितात."

"हे पुजाऱ्यासमोर बोलशील?"

"आजच बोलेन. देवळातली घंटा वाजवून बोलेन! गावाने वाळीत टाकलं तरी बेहत्तर. तान्हाबाई मानाने परत येईपर्यंत मी गप्प बसणार नाही."

"आणि माझ्याबद्दल काय बोलशील?"

"तुमचं काय... तुम्हाला जे सुजलेलं दिसलं, ते तुम्ही सांगितलंत."

बाबांनी कागद जवळ ओढला. मग एका फांदीवर त्यांनी बोट टेकवलं.

"ही तान्हाबाईची घोडी ना? तिला कुंडावर येऊ देतात?"

"नाही. शिवूसुद्धा देत नाहीत."

"मग हा नातू तिच्यापर्यंत चालत गेला?"

जंतू तिथवर कसा पोचला, हे लिहायची त्या फांदीपुढची जागा कोरी होती. वृषालीने मान खाली घातली. तिला उत्तर ठाऊक होतं: देवाच्या घोड्याला आणि तान्हाबाईच्या घोडीला, दोन्हींना हात लावणारा माणूस गावात एकच होता. अहवाल लिहिताना तिथे येऊन ती तीनदा थांबली होती, आणि तीनदा पुढे गेली होती.

बाबांनी दोन्ही तळवे तिच्यासमोर धरले. जत्रेआधी एका सकाळी त्यांनी देवाच्या घोड्याचं नाक-तोंड पुसलं होतं, आणि हात न धुता तसंच तान्हाबाईच्या घोडीचं तोंड उघडून दात बघितले होते.

"लिही," ते म्हणाले.

"बाबा, गाव तुम्हाला..."

"देवाला सोडलं नाहीस, पोरी... मग मला का सोडलंस?"