डिशमध्ये एकच जीव

“पण नावं पाठ करून कुणी शहाणं झालंय का, मॅडम?”

विचारणारी ऋता तेंडोलकर. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाची. उभी होती, पण एका जागी नव्हती. टेबलापासून खिडकी, खिडकीपासून टेबल...

गवाणकर मॅडम प्राणिशास्त्राच्या प्रमुख. मी नेलेल्या बरण्या एकेक करून उजेडाकडे धरून पाहत होत्या.

कॉलेजांना काचसामान पुरवणं हा माझा धंदा. माल पसंत होईपर्यंत स्टुलावर बसायचं आणि कानावर पडेल ते ऐकायचं. माझं निम्मं शिक्षण असल्या स्टुलांवरच झालंय.

टेबलावर ऋताचा अर्ज होता. कॉलेज सोडण्याचा. बाकी सगळ्या सह्या झालेल्या, मॅडमची तेवढी राहिलेली. मेडिकल थोडक्यात हुकलं होतं, पुन्हा परीक्षा द्यायची होती. लातूरच्या क्लासात जागा धरलेली, खाली वडील गाडी घेऊन थांबलेले.

हॉर्न वाजला.

ती खिडकीशी गेली. “येतंय, बाबा!”

“एवढा कसला कंटाळा आला?” मॅडमनी विचारलं.

“हाच पेपर. जीवांची विविधता म्हणे. हा गट, तो गट, पायवाले, बिनपायवाले... किराण्याची यादी आहे नुसती.”

मी किराणावाल्याचा मुलगा. यादीला एवढं हसू नये असं मला वाटलं. पण गिऱ्हाईकासमोर गप्प बसावं, एवढं घरूनच शिकलो होतो.

“सगळं येतं?”

“विचारा.”

मॅडमनी विचारलं. मधूनच, उलटं, आडवंतिडवं. पोरगी कुठे अडली नाही. पोरिफेरा म्हणजे स्पंज, तिथपासून माणसापर्यंत अशी वर गेली की मला जिना चढणारं कुणीतरी दिसलं.

मॅडमनी मान हलवली. पेनचं टोपण काढलं...

आणि परत लावलं.

“शेठ, यातली एक घेते हं.” माझ्या खोक्यातून त्यांनी झाकणाची काचेची डिश काढली, ऋतापुढे सरकवली. “यात एक जीव आणून दे. मग सही.”

“कुठला?”

“तुला हवा तो. पण एकच.”

“बस?” ती हसली. “मॅडम, मागच्या विहिरीपाशी ढिगानं पडलेत.”

“ढीग नको. एक.”

ती धावतच गेली. धावतच आली. डिशमध्ये गोगलगाय, शंखाबाहेर मान काढून निवांत.

मॅडमनी डिशला हात लावला नाही. भिंग तेवढं पुढे केलं.

ऋता वाकली. कपाळाला आठी पडली. मलाही राहवेना, मीही डोकावलो. गोगलगायीच्या मानेवर पांढरे कण होते, आणि ते पळत होते.

“माइट आहेत. गोचिडांच्या जातीचे,” ती पुटपुटली.

“मग किती झाले?”

तिनं गोगलगाय टेबलावरच सोडली. रिकामी डिश घेऊन गेली.

हॉर्न वाजला. या वेळी दोनदा.

मॅडम पुन्हा बरण्यांकडे वळल्या. मला माझ्या वडिलांच्या दुकानातलं एक गिऱ्हाईक आठवलं. एकही खडा नसलेले तांदूळ हवेत म्हणून ओट्यावर निवडायला बसायचं. खडे संपले की तुकडा निवडायचं, तुकडा संपला की रंग. वडील म्हणायचे, बसू दे, याला तांदूळ नकोच आहेत. मी ही गोष्ट मॅडमना सांगितली. त्या हसल्या. मग म्हणाल्या, “हिला हवे असावेत.”

ऋता आली, डिश टेबलावर ठेवली. ओढणीनं हात पुसत होती. डिशमध्ये झाडाच्या सालीचा तुकडा, त्यावर करड्या रंगाचं काहीतरी पसरलेलं. मी लगेच ओळखलं, दगडफूल. गोड्या मसाल्यात घालतात ते.

“धुऊन आणलंय,” ती म्हणाली. “ब्रशनं घासलंय. याच्यावर काही नाही.”

“याच्यावर नाही,” मॅडम म्हणाल्या.

“लायकेन,” ऋताचा आवाज उतरला. “बुरशी आणि शैवाल. दोघं मिळून एक होतात.”

“एक होतात?”

“एक दिसतात.”

मी मनात म्हटलं, घ्या. वडिलांच्या दुकानात इतकी वर्षं मसाल्याला एकच जिन्नस विकला असं समजून होतो.

“मॅडम, हे तुम्ही मुद्दाम करताय. मी जाऊ नये म्हणून.”

“अर्ज इथे आहे. पेन इथे आहे. जीव कुठे आहे?”

ती गेली. जिन्यावर चपलांचा आवाज रागाचा होता. खालून वडिलांचा आवाज आला, “ऋता, झाला काय गो? उशीर होता हां.” तिनं काय उत्तर दिलं ते ऐकू आलं नाही.

तिसऱ्या वेळी ती उंबऱ्यापर्यंतच आली. डिशमध्ये वाळवी होती, एकटी, गरगर फिरत होती. मॅडमनी मानही वर केली नव्हती.

ऋता डिशकडे बघत उभी राहिली.

“नाही,” ती स्वतःशीच म्हणाली. “हिच्या पोटात लाकूड पचवणारे दुसरेच असतात...”

आणि तशीच मागे फिरली.

या खेपेला बराच वेळ गेला. पंखा कटकट करत होता. बसल्या बसल्या माझाच पाय हलायला लागला.

“मॅडम, मिळेल का हो तिला?”

“तुमच्या या बरणीला चीर आहे, शेठ.”

खरंच होती. मी बरणी बाजूला ठेवली.

ऋता आली तेव्हा डिश रिकामी होती. केस विस्कटलेले, गुडघ्याला चिखल. तिनं डिश टेबलावर ठेवली, झाकण काढलं आणि आपला पंजा त्यात ठेवला.

“मी,” ती म्हणाली. “होमो सेपियन्स. एक नग. करा सही.”

मला वाटलं, जिंकली पोरगी.

“सकाळी काय खाल्लंस?” मॅडमनी विचारलं.

“आंबोळ्या.”

“पीठ कुणी आंबवलं?”

“आईनं.”

“आईनं?”

“म्हणजे... भिजवलं आईनं. आंबवलं...”

बोटं डिशमध्ये जरा आखडली.

“आणि आता पचवतंय कोण?”

पंजा हळूहळू बाहेर आला. तिनं तो उलटा केला, सुलटा केला. जणू दुसऱ्या कुणाचा तिच्याकडे सांभाळायला दिलाय.

मॅडमनी अर्ज ओढला. टोपण काढलं. सही केली, तारीख घातली आणि कागद तिच्यापुढे ठेवला.

“पण मी आणला नाही, मॅडम.”

“सही हवी होती ना?”

ऋतानं कागदाकडे हात नेला. मध्येच थांबली.

सुरुवातीला टेबलावर सोडलेली ती गोगलगाय. तिला आम्ही सगळेच विसरलो होतो. ती सरकत सरकत अर्जापाशी पोचली होती, आणि आता कडेवरून कागदावर चढत होती. मागे ओली चकचकीत रेघ. रेघ खाली आली, मॅडमच्या ताज्या सहीवरून गेली, शाई पसरली.

मी उचलायला हात पुढे केला. ऋतानं माझं मनगट धरलं.

“थांबा ना, काका.”

तिनं स्टूल ओढलं. बसली. आल्यापासून पहिल्यांदाच. भिंग घेतलं आणि नाक कागदाला लागेल इतकी वाकली.

खाली हॉर्न वाजला. लांबलचक.

ती खिडकीशी गेली नाही.

“मॅडम, गोगलगाय मेली तर हे माइट कुठे जातात?”

पुन्हा हॉर्न.

गवाणकर मॅडमनी पेनला टोपण लावलं.

“आधी बाबांना वर बोलव. खाली एकटेच आहेत.”