वाटसरूचं चाक

खूप मागची गोष्ट. किती मागची, ते मोजणारंही आता कुणी उरलेलं नाही. लहानांनी ऐकावी, आणि मोठ्यांनी ऐकत नसल्याचं सोंग करत ऐकावी.

एका नदीकाठच्या गावात भिकोबा नावाचा कासार राहत होता. हात इतका हलका की बांगडी कधी चढली ते बाईला कळायचंही नाही. या हाताचा त्याला गर्वही तेवढाच. कुणाचं कुलूप अडलं, कुणाचा अडकित्ता रुतला, की "आणा इकडे" म्हणून तो खोलून बसायचा. पुष्कळदा जमायचंही, आणि तिथेच घोटाळा झाला.

घरात तो आणि त्याची आंधळी आई, दोघंच. वडील कधीच गेले होते. त्यांचं बंडीच्या खिशातलं किल्लीचं घड्याळ तेवढं मागे राहिलं होतं. आई ते उशाशी घेऊन झोपायची. टिकटिक कानावर पडली, की धनी शेजारीच आहेत असं तिला वाटायचं.

एका उन्हाळ्यात ते घड्याळ बंद पडलं. आईची झोप उडाली, मग अन्नही जाईना. "भिकू, घर कसं ओकंबोकं झालं रे," ती म्हणायची.

शहाणा माणूस सरळ पेठेतल्या घड्याळजीकडे गेला असता. हा पाटावर फडकं पसरून बसला. घड्याळाच्या आत एक बारीक चाक मागेपुढे डोलत असतं, त्याच्या डोलण्यावर सगळं घड्याळ चालतं. भिकोबाने ते चिमट्याने उचललं, चिमटा सटकला आणि चाकाचा केसाएवढा आस मोडला.

मग गेला घड्याळजीकडे, तोंड एवढंसं करून.

"बंद पडलं होतं ते नुसत्या मळाने. मोडलं ते तुम्ही," घड्याळजी म्हणाला. "नवा आस घडवून आणावा लागेल. दिवाळीपर्यंत थांबा."

दिवाळीपर्यंत आई टिकेल का, या धास्तीने भिकोबा घरी परतला.

आता त्या गावाची एक रीत सांगतो. नदीच्या उतारापाशी, जिथून लोक नदी ओलांडत तिथे, कुणी अनोळखी वाटसरू मेला, तर गाव त्याला अग्नी द्यायचं आणि त्याचं गाठोडं उतारावरच्या चिंचेला बांधून ठेवायचं. कधी ना कधी त्याची माणसं शोधत येतील, म्हणून. त्या गाठोड्याला चोरसुद्धा हात लावत नसत. मागच्या पावसाळ्यात पूर ओसरायची वाट बघता बघता एक माणूस तिथे तापाने गेला होता. त्याच्या गाठोड्यात घड्याळ आहे, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं.

"मेलेल्या माणसाला वेळ कशाला लागते?" भिकोबा स्वतःशीच म्हणाला आणि भर दुपारी, उतारावर चिटपाखरू नसताना, त्याने गाठोडं सोडलं. घड्याळाला किल्ली देताच ते चालू लागलं. त्यात काहीच बिघडलेलं नव्हतं, मालकाविना थांबलं होतं इतकंच.

घरी आणून त्याने त्यातलं डोलतं चाक काढलं. पण वडिलांच्या घड्याळात त्याचा आस जरासा लांब पडत होता. कासाराकडे बारीक कानस असतेच. त्याने टोकं घासली, बसवून पाहिली, पुन्हा घासली. चाक बसलं. वाटसरूचं रिकामं घड्याळ त्याने गुपचूप चिंचेवरच्या गाठोड्यात परत बांधून टाकलं. टिकटिक सुरू झाली आणि आई त्या दिवशी गाढ झोपली.

उठल्यावर तिने पहिलंच विचारलं, "नदी उतरली का रे?"

नदीला तेव्हा घोटाभरही पाणी नव्हतं. म्हातारपणाची बडबड, असं म्हणून भिकोबा हसला. मग तिने ज्वारीची भाकर बाजूला सारली आणि नाचणीची मागितली. नाचणी त्या मुलखात पिकतच नव्हती. आणि एका संध्याकाळी तो घरी आला, तर आई गाठोडं बांधून उंबऱ्यात उभी.

"कुठं निघालीस, आई?"

"घरी. पोरी वाट बघत असतील."

"कसल्या पोरी? तुला मी एकटाच ना?"

आईने मान कलती केली. "हो की रे," ती सावकाश म्हणाली. "मग त्या कुणाच्या?"

भिकोबाने तिच्या हातातलं गाठोडं काढून घेतलं.

तेव्हापासून रोज संध्याकाळी ती निघायची. आंधळी बाई काठीशिवाय चालायची, दगड आला की पाऊल उचलायची, नदीपाशी नेमकं लुगडं वर खोचायची. हा तिला दंडाला धरून माघारी आणायचा. शेवटी तो चिंचेपाशी गेला, वाटसरूचं घड्याळ घेऊन आला आणि आईचा डोळा लागलेला असताना चाक जिथलं तिथे परत बसवू लागला. पण घासलेला आस आता तिथे आखूड पडत होता. चाक उभं राहीना, नुसतं खुळखुळायचं. एकदम घरात फार शांत वाटलं म्हणून त्याने वळून पाहिलं. आईची छाती हलत नव्हती.

त्याने घाईघाईने चाक पुन्हा वडिलांच्या घड्याळात बसवलं. टिकटिक झाली तशी आईने श्वास घेतला आणि ती म्हणाली, "उशीर झाला. निघायला हवं."

मग तो बाहेर जाताना दाराला कडी घालू लागला. पण कासाराला पोटासाठी गावोगाव हिंडावंच लागतं. एकदा परत आला, तर कडी निघालेली, घर रिकामं, उशाशी घड्याळ नाही.

नदी उतरून तो वाटेत दिसेल त्याला विचारत सुटला, "एक आंधळी म्हातारी पाहिलीत का?"

"म्हातारी पाहिली," लोक म्हणत. "पण आंधळी कुठली? चुकलेल्यांना वाट दाखवत गेली ती."

डोंगर चढून तो नाचणीच्या मुलखात पोचला. एका अंगणात दोन पोरींच्या मधे आई बसली होती, नाचणी पाखडत, हसत. त्या घरची बाई दारात आली. तिच्या कपाळावर अजून कुंकू होतं.

"तुमच्या कोण लागतात या?" तिने विचारलं. "आल्या आणि धाकटीला अशा नावाने हाक मारली, की त्या नावाने तिला फक्त तिचे वडील बोलावतात. ते वर्षभर परतले नाहीत हो. यांना जा कसं म्हणू?"

काय केलंय ते सांगताना भिकोबाला रडू कोसळलं. बाईने ऐकलं, ती भिंतीला टेकून खाली बसली, आणि कुंकवावर ठेवलेला हात तिने कितीतरी वेळ काढला नाही.

तो आईपाशी गेला. "आई, मी भिकू."

आईने त्याच्याकडे चेहरा वळवला, एखाद्या परक्याकडे वळवावा तसा. "या, बसा. लांबून आलात वाटतं. घरी कोण असतं तुमच्या?"

"आई असते," भिकोबा म्हणाला.

तिच्या कनवटीला घड्याळ वाजत होतं. हात पुढे केला असता तर ते थांबवता आलं असतं, पण त्याबरोबर आणखी काय थांबेल हे त्याला माहीत होतं. त्याने त्या बाईला किल्ली कशी द्यायची ते दाखवलं. "रोज सकाळी आठवणीने द्या," एवढंच म्हणाला आणि उठला.

तो अंगणाबाहेर पडला, तशी मागून आईची हाक आली, "सावकाश जा हो, पाव्हणं. आई वाट बघत असेल तुमची."

लक्षात ठेवा: दुसऱ्याचं चोरून आणि घासून आपल्या घरात बसवलं, तर ते आपलं होत नाही, आपलं जे असतं, तेच त्याचं होऊन जातं.