करपलेली पेज आणि तपभराचे मौन

पूर्वी वाराणसीत जनसंध राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व हिमालयाच्या पायथ्याशी, नदीकाठच्या एका आश्रमात तापसांचा आचार्य होता. त्याने एका तपाचे मौन धरले होते. तो पावसाळा सरला की ते पुरे व्हायचे होते. ज्याचे मौन तपभर टिकते त्याला ब्रह्मलोक मिळतो, अशी सर्वांची श्रद्धा. आचार्यांचा पहिला शब्द ऐकायला मी स्वतः येईन, असा राजाचाही निरोप आला होता.

बाकीचे तापस पावसाळ्यापुरते मौन पाळीत. बोललोच नाही तर भांडू कसे, असा त्यांचा साधा हिशेब. पण भांडायला जीभच लागते असे कुठे आहे?

एके सकाळी पिंगल नावाचा तापस पेज वाढीत होता. वृद्ध उत्पलासमोर येताच त्याने नाक चिमटीत धरले, मान हलवली आणि पेज वाढून तो पुढे गेला. उत्पलाच्या पायाला जखम होती. पावसाने ती चिघळली होती आणि वास येऊ नये म्हणून तो वल्कल पायावर ओढून बसे. ते त्याने घाईने आणखी ओढून घेतले. दुसऱ्या दिवशी वाढायची पाळी त्याची होती; त्याने पिंगलाला वगळले. मग पिंगलाच्या मित्रांनी उत्पलाच्या मित्रांकडे पाठ फिरवली. कोणी तोंडातून ब्र काढीत नव्हते आणि राईचा पर्वत होत होता. पंगती दोन झाल्या, चुली दोन झाल्या. एक बाजू ध्यानाला बसली की दुसरी नेमकी लाकडे फोडायला घेई.

बोधिसत्त्व दोघांचे हात एकमेकांच्या हातात देई. ते सोडवून घेत. खुणेने बिघडलेले खुणेने सुधारेना.

शेवटी उत्पल आणि त्याचे सोबती मृगाजिने गुंडाळून निघाले. नदीला पूर होता. तरी उत्पल गुडघाभर पाण्यात शिरला. बोधिसत्त्व काठापर्यंत धावला आणि थबकला. त्याचे मौन पुरे व्हायला आता थोडेच दिवस उरले होते. ‘ही माणसे वाहून गेली, तर ब्रह्मलोकात बसून मी बोलू कोणाशी?’ असे त्याच्या मनात आले.

“पिंगला,” तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, “त्या दिवशी तू नाक का धरलेस?”

सगळे जागच्या जागी थिजले.

“आचार्य, पेज करपली होती,” पिंगल म्हणाला. “माझ्याच हातून. हे वयाने वडील, म्हणून त्यांना आधी खुणेने सांगितले.”

पाण्यातून उत्पल म्हणाला, “मला वाटले, माझ्या जखमेची घाण येते.”

“जखम? कसली जखम?”

उत्पलाने वल्कल बाजूला केले. पिंगलाला रडू आवरेना. त्याने पाण्यात उतरून म्हाताऱ्याला पाठीवर घेतले आणि काठावर आणले. आश्रमात पुन्हा एकच चूल पेटली. पिंगल जखम धुण्यात गुंतल्यामुळे पेज याही वेळी करपली. सगळ्यांनी ती मागून मागून घेतली.

पुढे राजा आला. बोधिसत्त्व हसून म्हणाला, “महाराज, उशीर झाला. पहिला शब्द एका नाकापायी गेला.” तेव्हापासून आश्रमात नियम झाला, की मौन जरूर पाळावे, पण मनात किंतु आला तर आधी विचारावे आणि मग गप्प बसावे.

पूर्वजन्मीची ही गोष्ट सांगून शास्त्यांनी, भिक्षूंच्या भगवान गुरूंनी, समोर पाठीला पाठ लावून बसलेल्या दोन भिक्षूंकडे पाहिले. “तेव्हाचा उत्पल तू, पिंगल हा, आणि मौन मोडणारा आचार्य मीच होतो.”

धाकटा भिक्षू हळूच थोरल्याकडे वळला. “भन्ते,” त्याने विचारले, “परवा मला पाहून तुम्ही वाट का बदललीत?”

त्या जन्मी बोधिसत्त्वाने स्वतःचे पुण्य खर्चून जी साधली, ती मैत्री पारमिता, म्हणजे मैत्रीच्या गुणाची परिपूर्णता.