शून्य फरकाचा अहवाल

डोंगरावरच्या कोळपाड्यातल्या मुलांना रक्तवाढीच्या गोळ्या द्यायच्या की नाही, हे कलेक्टरांसमोर भर बैठकीत ठरणार होतं.

"बाजारगावची दोनशे मुलं तपासली, पाड्यावरचीही दोनशे. सगळी ठणठणीत!" आरोग्य अधिकारी सरपोतदार म्हणाले. "यमुनाबाई, पाड्यावरची मुलं अशक्त आहेत म्हणता ना? मग चालवा तुमचा प्रोग्राम. फरक निघाला तर मी राजीनामा देतो, नाही निघाला तर तुम्ही द्या."

सांख्यिकी सहायक यमुनाबाई संगणकापुढे बसल्या. त्यांनी दोन्ही गावांचे हिमोग्लोबिनचे आकडे प्रोग्रामला दिले. पडद्यावर दोन आलेख एकमेकांवर असे चपखल बसले, की एकच रेघ दिसली. फरक शून्य.

"लिहा राजीनामा!" सरपोतदारांनी कोरा कागद त्यांच्यापुढे टाकला.

"साहेब, सख्ख्या भावंडांचं रक्तही असं दशांशापर्यंत जुळत नाही. इथं दोनशेच्या दोनशे आकडे जुळलेत. तुम्ही यादीतल्या ओळी खालीवर केल्यात खऱ्या, पण आलेख ओळींचा क्रम बघतच नाही, कोणता आकडा किती मुलांचा एवढंच बघतो." यमुनाबाईंनी पडद्यावरच्या त्या एका रेघेवर बोट ठेवलं. "पाड्यावरच्या एकाही पोराच्या बोटाला सुई लागलेली नाही. त्यांचं सगळं रक्त एकाच बोटातून आलंय, कॉपी-पेस्ट करणाऱ्या!"

कलेक्टरांनी तो कोरा कागद उचलला आणि सरपोतदारांपुढे ठेवला.