हिराजीचा पहारा

त्या वर्षी माघात श्रीझोळीनाथ महाराज आंबेसावळीला मुक्कामी होते. मारुतीच्या देवळात त्यांचे आसन होते आणि तिथेच अखंड नामसप्ताह चालला होता. भाविकहो, सप्ताहाचा दंडक तुम्ही जाणताच. वीणा सात दिवस जमिनीला टेकायची नाही. एकाचा पहारा संपला की दुसऱ्याने ती गळ्यात घ्यायची आणि नाम घेत उभे राहायचे.

गावात हिराजी न्हावी म्हणून महाराजांचा एक भक्त होता. एके काळी तो अफूच्या पार आहारी गेला होता. एकदा ओढ्याकाठी तो निपचित पडला, तेव्हा महाराजांनीच त्याच्या तोंडात फुंकर घालून त्याला परत आणले. आठ वर्षे झाली, हिराजीने अफूला हात लावला नव्हता. उलट गावात कुणी नशेत पडला की त्याच्या उशाशी हा जाऊन बसे, शुद्धीवर आणी आणि पुढे महिना महिना त्याची पाठ सोडत नसे.

त्याने एक पहारा मागितला, एवढेच! सप्ताहाचे कारभारी यमाजी पाटील सगळ्यांदेखत म्हणाले, "तुझ्या गळ्यात वीणा? अरे अफूबाजा, उद्या झोकांडी खाल्लीस म्हणजे सप्ताहच मोडला की!"

लोक हसले. सांगताना मला आजही संताप येतो. याच हसणाऱ्यांपैकी चौघांच्या घरची माणसे हिराजीने मरणाच्या दारातून ओढून आणली होती. पण तोंड उघडायला एकजण धजावला नाही! हिराजी एवढेच म्हणाला, "नको म्हणता तर नको, पाटील. मी पायरीवर बसून टाळ वाजवीन."

महाराजांनी हे ऐकले. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

पाचव्या दिवशी दुपारी खुद्द पाटलांचा पहारा होता. वीणा गळ्यात, डोक्याला जरीचा फेटा. इतक्यात त्यांची बायको चंद्रभागाबाई अनवाणी धावत आली आणि पाटलांच्या कानाशी लागली, "अहो, जयसिंग उठत नाही. ओठ काळेनिळे पडलेत. घशात घरघर लागलीय."

जयसिंग हा त्यांचा थोरला मुलगा. दोन वर्षे तो अफू घेत होता आणि पाटील गावाला सांगत होते, पोराला ताप येतो. वैद्य तीन कोसांवर. ती माउली जाणार तरी कुणाकडे?

पाटील दात आवळून म्हणाले, "दार लाव आणि गप बस. झोपेतून उठेल आपोआप. पहारा टाकून कसा येऊ? गावभर शोभा करायचीय का?"

तेवढ्यात महाराज आसनावरून उठले. त्यांचा असा आवाज गावाने कधी ऐकला नव्हता.

"वीणा खाली ठेवली तर सप्ताह मोडतो, आणि पोटचं पोर खाली टाकलं तर काहीच मोडत नाही का रे, यमाजी? कुणासाठी घेता हे नाम? आण ती वीणा इकडे!"

महाराजांनी वीणा आपल्या गळ्यात घेतली आणि म्हणाले, "हिराजी, तुला कसं उठवलं होतं ते आठवतंय ना? जा. आणि तुम्ही सगळे काय बघत उभे? जा त्याच्याबरोबर! इथला पहारा मी सांभाळतो. तिथं त्या पोराच्या उशाशी पहारा लावा."

हिराजी धावला. जयसिंग माजघरात घोंगडीखाली झाकून ठेवला होता. झाकून! कुणी म्हणाले काढा पाजा, कुणी म्हणाले लिंबू पिळा. हिराजी ओरडला, "तोंडात थेंब घालू नका, श्वासात अडकेल!" त्याने जयसिंगची मान मागे कलती केली, नाक चिमटीत धरले आणि तोंडाला तोंड लावून फुंकर घातली. छाती वर आली, खाली बसली. पुन्हा फुंकर. पुन्हा.

बराच वेळ गेला. मुळातच अफूने पोखरलेली हिराजीची छाती भात्यासारखी धापा टाकू लागली. डोळ्यांपुढे अंधारी आली. तो कळवळून म्हणाला, "महाराज, माझा दम संपला!"

आणि पाठीवर कुणाचा तरी हात पडला. वळून पाहिले तर मागे कुणीच नव्हते! पण छातीत वारा भरावा तसा दम भरला. मग तो थांबलाच नाही. ऊन परसात उतरले तेव्हा जयसिंगने स्वतःचा श्वास घेतला, डोळे किलकिले केले आणि म्हणाला, "आई."

हिराजीने त्याला कुशीवर वळवले. "आता त्याला एकटं सोडू नका. विष अजून अंगात आहे, पुन्हा बुडेल. पाळीपाळीनं बसा."

पाटील देवळाकडे पळत सुटले आणि गाभाऱ्यापाशी थबकले. महाराज जागचे हललेले नव्हते. वीणा गळ्यात होती, पण अंग घामाने निथळत होते, ओठ काळेनिळे पडले होते, छाती धपापत होती. ज्यांनी उभ्या जन्मात कसली नशा केली नाही, त्या महाराजांच्या श्वासाला अफूचा कडवट वास येत होता!

पाटलांनी पायांवर झेप घेतली. महाराज मागे सरकले. "माझ्या पाया पडून काय होणार? पोर अजून सुटलेलं नाही. उद्यापासून त्याचं अंग मोडेल, ओकेल, तुला शिव्या देईल, पळून जाईल. तेव्हा पुन्हा दार लावशील?"

"नाही, महाराज."

"मग बोलावशील कुणाला?"

पाटलांनी पाहिले. मागोमाग गाव परतले होते आणि हिराजी येऊन नेहमीसारखा पायरीवर बसला होता. पाटलांनी महाराजांच्या गळ्यातली वीणा उतरवून घेतली, सगळ्या गावादेखत स्वतःच्या हाताने हिराजीच्या गळ्यात घातली आणि जरीचा फेटा काढून त्याच्या पायांवर डोके ठेवले. "चुकलो रे, हिराजी."

"अहो पाटील, उठा, उठा!" हिराजी कासावीस झाला. पण गळ्यात वीणा, वाकून उठवणार कसा? त्याने एवढेच विचारले, "तिकडं उशाशी कोण बसलंय?"

"कोष्ट्यांचा महादू."

"मग जा. त्याचा पहारा संपत आला असेल. आता तुमची पाळी."

पाटलांनी डोळे पुसले, पुन्हा एकदा हिराजीच्या पायांवर माथा टेकला आणि फेटा तिथेच टाकून, बोडक्या डोक्याने, ते मुलाच्या उशाशी बसायला निघाले.