पवळीचं वासरू

एका राज्यात गाई उदंड होत्या, पण माया आटली होती. वासरू जन्मलं की गाय त्याला लाथेनं लोटी, आणि दिवस मावळायच्या आत ते प्राण सोडी.

त्या राज्यात म्हाळसा नावाची व्रतस्थ बाई होती. सोमवारी सकाळी तिची पवळी गाय व्याली आणि पाठ फिरवून उभी राहिली. म्हाळसेनं गारठलेलं वासरू पदरात घेतलं. "देवा, याला जगव."

आढ्यावरची साळुंकी म्हणाली, "नुसतं म्हणून जगतं होय? हा वेशीवर दगड होऊन बसलेल्या जादूगाराचा शाप. राजानं खरवसासाठी त्याच्या गाईचा सगळा चीक नेला, त्याचं वासरू उपाशी मेलं. तू ऊब आण, मीठ आण, मग याला पहिला घोट दे. एक जगलं की सगळी जगतील."

म्हाळसा डोंगरावर गेली, उन्हाचं गवत कापून आणलं, वासराखाली अंथरलं. वासराची थरथर थांबली.

मग ती खाऱ्या तळ्याकडे गेली. तळ्यानं विचारलं, "किती हवं?"

"वासराच्या पाठीपुरतं."

"ने, बाई."

तिनं मीठ वासराच्या पाठीवर चोळलं. वाटीत चीक काढला आणि देव्हाऱ्याकडे वळली. वासराची मान कलंडली.

"कुठं निघालीस?" साळुंकी ओरडली.

"नैवेद्य दाखवते. उष्टं देवाला कसं चालेल?"

"राजानंही आधी आपलंच पान मांडलं होतं."

म्हाळसेचे पाय थबकले. तेवढ्यात गाय व्याल्याचं ऐकून आलेला राजा दारात उभा. "बाई, चीक आमचा."

"महाराज, आधी याचा. मान धरा जरा. अशी नव्हे, लेकराची धरतात तशी!"

राजा शेणात गुडघे टेकून बसला. म्हाळसेनं चिकात बोट बुडवून वासराच्या तोंडात दिलं. एकदा दिलं, दोनदा दिलं. तिसऱ्यांदा वासरानं बोट ओढलं. राजाच्या डोळ्यांतून पाणी गळलं.

वासरू धडपडत उभं राहिलं. पवळी वळली, पाठीवरचं मीठ चाटू लागली, चाटता चाटता हंबरली. राज्यातल्या साऱ्या गाई हंबरल्या. वेशीवर दगड होऊन बसलेला जादूगार उठला, डोळे पुसत घरी गेला.

राजानं दवंडी पिटवली: पहिला चीक वासराचा.

वाटीत थेंबभर उरला होता. म्हाळसेनं तो देवापुढं ठेवला. समई आपोआप लागली. पवळीच्या वासराला जसा घोट मिळाला, तसा साऱ्या भुकेल्या जिवांना मिळो.