मागं पडलेला ठेका

“...बरं, मग दोन माईकचा घेऊ की चार माईकचा? तेवढं तरी सांगा, उस्ताद.”

हुसेनभाई शिकलगार मान खाली घालून कामात होते. त्यांच्या मांडीवर माझी पेटी होती. पेटीचा भाता फाटला होता, आणि ते त्याच्या कडेला बोटानं सरस लावत होते.

मिरजेत सतारी करणाऱ्यांच्या गल्लीत त्यांचं दुकान. दुकान कसलं, एक पायरी आणि एक खोली. पण चाळीस वर्षं त्यांनी नाटक कंपन्यांचे, कव्वालांचे, भजनी मंडळांचे आवाज टेपवर उतरवले. टेपा गेल्या, आता पेट्या दुरुस्त करतात. आवाजाच्या बाबतीत कुणाचं काही अडलं, की तो अजून त्यांच्याच पायरीवर येऊन बसतो.

त्या दुपारी अडलं होतं अभिनंदन मगदूमचं. आमच्याच गावचा पोरगा. हुशार आहे, आणि आपण हुशार आहोत हे त्याला कुणी सांगावं लागत नाही. माडीवर भिंतींना वाकळा टांगून त्यानं घरचा स्टुडिओ केलाय. माईक आणि कॉम्प्युटर यांच्यामध्ये आवाज आत घ्यायला एक डबा लागतो, त्याला इंटरफेस म्हणतात. तो त्याला नवा घ्यायचा होता. सात कंपन्यांचे सात डबे, त्यांचा तक्ता करून आणला होता बहाद्दरानं. चौकटी आखून, रंग भरून.

उस्तादांनी हात पुसले. तक्ता घेतला. डोळ्यांजवळ नेला, लांब धरला.

“यात बघायचं काय?”

“हा शेवटचा रकाना. लेटन्सी. म्हणजे वाजवलेलं आत नोंदलं जायला किती उशीर लागतो ते.”

“तुझ्या जुन्या डब्याला उशीर लागतो?”

“लागतो.”

“किती?”

“पापणी लवते ना, त्याहून कमी. पण तालाच्या वाद्याला तेवढाही चालत नाही.”

“कुणाचं वाद्य?”

अभिनंदननं माझ्याकडं बघितलं. मी पेटीकडं बघितलं.

“पखवाज,” तो म्हणाला. “शिवाप्पाकाकांचा.”

शिवाप्पा गुरव म्हणजे आमच्या महादेवाच्या देवळातले. संध्याकाळच्या पूजेला पखवाज त्यांचा. त्यांच्या आधी वडिलांचा, त्यांच्या आधी आजोबांचा. हा अभिनंदन चड्डीत होता तेव्हापासून त्यांच्या गुडघ्याला टेकून बसायचा. भजनी ठेक्याच्या टाळ्या त्यांनीच त्याला शिकवल्या, हात हातात धरून.

“काय झालं?” उस्तादांनी विचारलं.

“गुरुजींच्या मंडळाची भजनं रेकॉर्ड करायची होती.”

गुरुजी म्हणजे मी. प्राथमिक शाळेत जन्म गेला म्हणून गाव गुरुजी म्हणतं. नावालाच.

“गाणं आणि पेटी आधी घेतली. मग काकांच्या कानाला हेडफोन लावून ते ऐकवलं, आणि त्यावर पखवाज वाजवायला सांगितला. पडद्यावर बघितलं तर प्रत्येक थाप मागं. मी म्हटलं, काका, ठेका मागं पडतोय.”

“एकदा म्हणालास?”

“पाच भजनं होती. पाचही वेळा म्हणालो.”

“ते काय म्हणाले?”

“आधी हसले. म्हणाले, सकाळची साखरेची गोळी राहिली वाटतं. मग म्हणाले, हाताला मुंग्या येतात रे हल्ली...”

“आणि शेवटी?”

“शेवटी काही नाही. कणीक काढली आणि गेले.”

पखवाजाच्या एका तोंडाला वाजवण्याआधी ओली कणीक थापतात. वाजवून झालं की खरवडून काढतात. काकांनी ती आम्हा सगळ्यांच्या देखत काढली. कुणाकडं न बघता, नखांनी, अगदी शेवटच्या कणापर्यंत. पखवाजाला गवसणी घातली आणि जिना उतरून गेले. त्यानंतर तो पखवाज वाजलेला नाही.

हातच गेला, असं त्यांच्या मनानं घेतलंय. देवळात आता विजेवरचा नगारा बसवलाय. बटण दाबलं की नगारा, झांज, घंटा सगळं एकदम सुरू. कान किटतात नुसते. काका दाराशी उभे राहून ते बटण दाबतात.

उस्तादांनी तक्ता खाली ठेवला.

“थाप मागं पडायची, ती कधी जास्त कधी कमी?”

“नाही. सारखीच.”

“पहिल्या भजनात जेवढी, तेवढीच पाचव्यात?”

“तेवढीच. केसाचा फरक नाही.”

“आणि लय चढल्यावर?”

“...तिथंही तेवढीच.”

उस्ताद त्याच्याकडं बघत राहिले.

“पोरा, पाच भजनं एका मापानं मागं राहणारा हात तू कुठं बघितलायस?”

...

अभिनंदननं मान खाली घातली. फरशीकडं बघतच बोलला.

“मला ठाऊक आहे, उस्ताद.”

“काय ठाऊक आहे?”

“काका जिना उतरून गेले, त्यानंतर काही दिवसांनी मी हेडफोन माईकसमोर धरला. नुसती टकटक लावली आणि तीच परत रेकॉर्ड केली. मध्ये माणूसच नाही. ती टकटकसुद्धा तेवढीच मागं पडली. डब्याच्या सेटिंगमध्ये माझी चूक होती. काकांचा ठेका बरोबर होता.”

मी ताडकन त्याच्याकडं बघितलं. हे मला त्यानं सांगितलं नव्हतं.

“कधी कळलं?”

“गणपती बसायच्या आधी.”

“आता दिवाळी होऊन गेली.”

“...हो.”

“ती सेटिंग दुरुस्त केलीस?”

“त्याच दिवशी.”

“मग तुझा जुना डबा आता मागं पडतो?”

“नाही.”

“मघाशी म्हणालास, पडतो.”

अभिनंदनचे कान लाल झाले.

“मग हा तक्ता कशाला?”

समोरच्या दुकानात कुणीतरी सतारीचा भोपळा घासत होतं, त्याची खरखर तेवढी ऐकू येत होती.

“मला वाटलं,” तो म्हणाला, “नवा इंटरफेस आणला, तर काकांना म्हणता येईल, नवीन मशीन आलंय, एकदा वाजवून बघा. ठेका बरोबर येईल. त्यांना वाटेल, हात सुधारला. परत देवळात वाजवतील. मग... मग वेगळं काही सांगायला नको.”

“ते म्हणतील, देवानं हात परत दिला.”

“हो.”

“तुला पेढे देतील.”

“...हो. देतील.”

“तू खाशील?”

पोरगा रडवेला झाला. मला राग इतका आला होता, की उठून एक ठेवून द्यावीशी वाटली. अरे, तो म्हातारा रोज संध्याकाळी ते बटण दाबतोय, आणि तू रंगीत चौकटी आखत बसलायस! पण मी बसूनच राहिलो. त्याचं कारण माझं मला माहीत होतं.

“लॅपटॉप आहे पिशवीत?” उस्तादांनी विचारलं.

“आहे.”

“त्या दिवशीचं पाचवं भजन लाव.”

त्यानं काढून लावलं. पडद्यावर पट्ट्या दिसल्या. गाण्याची एक, पेटीची एक, पखवाजाची एक.

“पखवाज पुढं सरकव.”

“किती?”

“त्यांना जेवढा मागं म्हणालास, तेवढा.”

“उस्ताद, नको...”

“घरी करून बघितलं नाहीस?”

“धीर झाला नाही.”

अभिनंदननं बोट ठेवलं. पट्टी थोडीशी सरकली. किती थोडी! आणि त्यानं भजन सुरू केलं.

काय सांगू... चार वेळा ज्याला सगळ्यांसमोर चुकलास म्हणून सांगितलं, त्या माणसानं पाचव्यांदा वाजवलेलं होतं ते. कुठं घाई नाही, कुठं चिडणं नाही. गाणारा जिथं थांबला तिथं पखवाज थांबला होता, गाणाऱ्यानं जिथं उचललं तिथं यानं त्याला खाली पडू दिलं नव्हतं. प्रत्येक सम जिथं यायची तिथंच आली. उस्ताद डोळे मिटून गुडघ्यावर ताल धरून बसले होते, आणि त्यांचं बोट एकदाही चुकलं नाही.

भजन संपलं. अभिनंदन शर्टाच्या बाहीनं डोळे पुसत होता.

उस्ताद माझ्याकडं वळले.

“पेटीवर तुम्हीच ना, गुरुजी?”

“मीच.”

“पखवाज घेतला तेव्हा माडीवर होता?”

“होतो.”

“तुम्हाला काय ऐकू आलं?”

खोटं बोलायचं मनात आलं होतं. शपथेवर सांगतो, आलं होतं. म्हणणार होतो, हेडफोन काकांच्या कानाला, मला कसं कळणार. पण तिथं हेडफोन दोन होते. दुसरा माझ्याकडं होता, आणि मी तो एकाच कानाला धरला होता. एका कानात भजन, दुसऱ्या उघड्या कानात काकांचा पखवाज.

“बरोबर,” मी म्हणालो. “बरोबर ऐकू येत होतं.”

अभिनंदननं झटकन मान वर केली.

“गुरुजी! मग बोलला का नाहीत तेव्हा?”

“तू पडद्यावर रेघ दाखवलीस. रेघ मागं दिसत होती. म्हटलं, मशीन कशाला खोटं बोलेल. म्हटलं, आपलं वय झालं, पोरं हसतील.”

“पण एक शब्द तरी...”

“अरे, शब्दाचं काय घेऊन बसलास!” माझा आवाज चिरकला. “काकांनी माझ्याकडं बघितलं होतं. तू पाचव्यांदा बोललास ना, तेव्हा. काय गुरुजी, असं बघितलं. चाळीस वर्षं शेजारी बसून वाजवतोय आम्ही. आणि मी मान हलवली. होय म्हणून.”



ही गोष्ट मी बायकोलाही सांगितली नव्हती. संध्याकाळी देवळाकडून नगाऱ्याचा तो खडखडाट यायला लागला, की मी रेडिओ मोठा करत होतो.

अभिनंदननं खिशातून फोन काढला.

“आत्ता लावतो. आत्ताच सांगतो.”

उस्तादांनी फोनवर हात ठेवला.

“चुकलात, हे त्यांना फोनवर सांगितलं होतंस?”

त्यानं फोन परत खिशात घातला. लॅपटॉप मिटला. तक्त्याची घडी करायला लागला, मग तसाच चुरगाळून पिशवीत कोंबला.

“जातो,” तो म्हणाला. “पण त्यांनी विचारलं, इतके दिवस कुठं होतास, तर काय सांगू?”

“कुठं होतास?”

“...डबे बघत होतो.”

“मग तेच सांग.”

मी पेटीसाठी हात पुढं केला. उस्तादांनी ती उचलून बाजूला, फळीवर ठेवली.

“सरस ओला आहे. राहू दे.”

आणि मग ते उठले, पायरीपाशी वाकले, आणि माझ्या विस्कटलेल्या चपला हातानं सरळ करून माझ्यापुढं ठेवल्या. माझ्याहून दहा वर्षांनी मोठा माणूस. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नको नको म्हणेपर्यंत त्यांनी अभिनंदनच्याही सरळ करून ठेवल्या.

आम्ही चपला घातल्या. गल्लीत उतरलो. चार पावलं गेल्यावर अभिनंदन थांबला आणि मागं वळला.

“उस्ताद, त्यांनी दारच उघडलं नाही तर?”

हुसेनभाई सरसाचं भांडं झाकत होते. त्यांनी वरही बघितलं नाही.

“उभं राहायचं,” ते म्हणाले. “दोघांनी.”